टँकमध्ये एप्टेशिया दिसला? आधी ब्लेड खाली ठेवा

नवीन मरीन टँक लागतो, लाइव्ह रॉक (जिवाणू आणि समुद्री जीव वसलेला दगड) पडतो, सायकल होते (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात), दोन क्लाउनफिश येतात, मग कुणाकडून तरी झोआ नाहीतर मशरूम कोरलचं एखादं फ्रॅग (छोटा तुकडा) येतं, आणि थोड्याच दिवसांत दगडाच्या फटीतून काहीतरी तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब देठाचं आणि बारीक बारीक टेंटॅकल असलेलं डोकं बाहेर काढतं. नवीन माणूस खूष होतो, वाटतं फुकटात ॲनिमोनी मिळाला, आता निमो त्यात बसणार. क्लाउन काही त्यात बसत नाही. हा एप्टेशिया असतो, ॲनिमोनीच पण उपद्रवी, आणि त्याला तसाच राहू दिला तर काही महिन्यांत ओव्हरफ्लोपासून (पाणी टँकबाहेर उतरतं ती जागा) संपपर्यंत (फिल्टरची वेगळी टाकी) सगळीकडे तोच दिसायला लागतो, शेजारच्या कोरलला डंख मारून मारून मागे सारतो ते वेगळंच.

हा लेख मुंबई-पुण्यात घरी १०० ते ३०० लिटरचा टँक ठेवणाऱ्या नवीन मंडळींसाठी आहे. मोठ्या टँकवाल्यांनाही चालेल, पण त्यांच्याकडे थोडे जास्त पर्याय असतात, ते पुढे येतील. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, उपाय निवडायचा तो संख्येवरून. पाच-सहा असतील तर चुन्याची किंवा तयार मिळणारी पेस्ट. पन्नास असतील तर पेस्ट घेऊन बसू नका, खाणारा प्राणी आणा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, म्हणजे दोन एप्टेशियासाठी कॉपरबँड मासा आणतात आणि दोनशेंसाठी सिरिंज.

आधी नक्की काय आहे ते बघा

घाईत चुकीचा प्राणी मारला जातो, त्यामुळे ही पायरी सोडू नका. एप्टेशियाचा देठ लांब असतो, वर चपटी थाळी, मधे तोंड, आणि कडेने बारीक निमुळते टेंटॅकल, टोकाला टोकदार. रंग तपकिरी किंवा मळकट, कधी इतका पारदर्शक की काचेवर असेल तर पटकन दिसतच नाही. एखाद्या काडीने जवळ गेलात की सर्रकन आत जातो आणि फटीत फक्त एक तपकिरी गोळा उरतो.

याच्याशी सगळ्यात जास्त गोंधळ फेदर डस्टरचा होतो. तो किडा आहे, निरुपद्रवी आहे, पाणी गाळून खातो. त्याचा मुकुट पिसांचा असतो, खाली स्वतःची नळी असते आणि आत जाताना तो पापणी लवायच्या आत गायब होतो. नळी दिसली तर हात लावू नका, राहू द्या बिचाऱ्याला. दुसरा गोंधळ हायड्रॉइडचा, ते अगदी छोटे, जाळ्यासारखे पसरलेले असतात, त्यांचा इलाज वेगळा. तिसरा बॉल ॲनिमोनी, ज्याच्या प्रत्येक टेंटॅकलच्या टोकावर नारिंगी किंवा पांढरा गोळा असतो आणि जो रात्री उघडतो. तो एप्टेशियासारखा धडाधड पसरत नाही.

आणि चौथा मजानो. हा उपद्रवीच आहे पण वेगळ्या स्वभावाचा. देठ आखूड, टेंटॅकल जाड आणि टोकाला फुगीर, रंग हिरवट-तपकिरी, कधी टोकं जांभळी. साधारण दोन-तीन सेंटीमीटरचा. दिसायला देखणा, म्हणूनच काही ठिकाणी 'मिनी बबल टिप' म्हणून पैसे घेऊन विकला जातो. खरा बबल टिप ॲनिमोनी वाढत वाढत फूटभर होतो, मजानो तेवढाच राहतो आणि त्याच्या शेजारी दुसरा दिसतो, मग तिसरा. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण एप्टेशियाचे निम्मे उपाय त्याला लागूच पडत नाहीत.

फोटो काढा, झूम करून बघा, शंका असेल तर दोन दिवस थांबून परत बघा. दोन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही.

ब्लेडने खरवडलं की काय होतं

एप्टेशिया जागा बदलताना तळपायाचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि त्या प्रत्येक तुकड्याचा नवीन एप्टेशिया होतो. हे तो आपणहून करतो. तुम्ही ब्लेडने खरवडलंत, चिमट्याने ओढलंत, टूथब्रशने घासलंत तर त्याचंच काम फुकटात करून देता, आणि वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) ते तुकडे टँकभर वाटतो. गाजरगवत फुलल्यावर उपटून झटकावं तसलाच प्रकार. शिवाय डिवचल्यावर तो अंगातून पांढरे दोरे सोडतो, त्यात डंखाच्या पेशी भरलेल्या असतात, शेजारी कोरल असेल तर त्याला त्याचा फटका बसतो.

त्याच्या अंगात कोरलसारखंच शेवाळ राहतं, झूझँथेली. लाइट असला की ते शेवाळ त्याला खाऊ घालतं. म्हणून मासे उपाशी ठेवून एप्टेशिया मरत नाही. आणि लाइट बंद ठेवूनही मरत नाही, पांढरा पडतो, पण पाण्यातलं खाणं पकडून जगतो. संपच्या अंधारात आणि पाइपाच्या आत हे लोक मजेत राहतात ते त्यामुळेच. प्रयोगशाळांमध्ये कोरलचं ब्लीचिंग समजून घ्यायला हाच एप्टेशिया वाढवतात, कारण तो सहज जगतो आणि सहज वाढतो. म्हणजे तुम्ही ज्याला मारायला बसलाय तो मुळातच चिवट आहे एवढं धरून चाला. 'तीन दिवस ब्लॅकआउट करा' हा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, त्यात कोरलचेच हाल होतात.

मोजणी

रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. समोरून, बाजूने, जमलं तर मागून. ओव्हरफ्लोच्या दातांमध्ये, रिटर्न पाइपच्या तोंडाशी, वेव्हमेकरच्या मागे, फ्रॅग ज्यावर चिकटवलेलं असतं त्या प्लगच्या खालच्या बाजूला, गोगलगायींच्या शंखांवर, आणि संपमध्ये. समोरून तीन दिसतात तेव्हा मागे किती आहेत ते कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नका. मोबाइलमध्ये दगडांचा फोटो काढून त्यावर खुणा करून ठेवा, कारण दिवसा ते आत गेलेले असले की जागा आठवत नाही.

दहा-बारापेक्षा कमी आणि हात पोचेल अशा जागी असतील तर पेस्ट. पन्नासच्या आसपास किंवा जास्त असतील किंवा मागच्या फटींमध्ये असतील तर थेट प्राण्यांकडे जा. मधल्यामधे असतील तर दोन्ही, म्हणजे मोठ्यांना पेस्ट आणि पिल्लांना श्रिम्प (कोळंबी), ते कसं ते पुढे.

पेस्ट कशी लावायची

बाजारात तयार मिळतात, रेड सीचं एप्टेशिया-एक्स आणि एफ-एप्टेशिया ही नावं आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहेत, मोठ्या शहरातल्या मरीन दुकानांत किंवा ऑनलाइन सापडतात. तयार बाटली असेल तर ती चांगली हलवा आणि तिच्यावरच्या सूचना वाचा, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते.

तयार नको असेल तर काल्कवॉसरची पेस्ट. काल्कवॉसर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना. लगेच पुढचा प्रश्न येतो की मग पानाच्या टपरीवरचा चुना चालेल का. रसायन तेच आहे, पण त्यात आणखी काय मिसळलंय, किती शुद्ध आहे ते तुम्हाला सांगता येत नाही आणि छोट्या टँकमध्ये ती रिस्क मी घेणार नाही. ॲक्वेरियमसाठीची काल्क पावडर किंवा लॅब ग्रेडचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, एक डबा वर्षानुवर्षं पुरतो. हवेत उघडा ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याचा कार्बोनेट होतो आणि मग तो काही कामाचा राहत नाही.

चष्मा आणि ग्लोव्हज घाला. हे कंटाळवाणं वाटतं पण चुन्याच्या पेस्टचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यात एक थेंब उडाला तरी महागात पडतं. लहान मुलांना त्या वेळेस दुसऱ्या खोलीत पाठवा.

आता एक चमचा पावडर घ्या आणि त्यात थेंब थेंब आरओ पाणी घालत कालवा, सिरिंजमधून निघेल पण पाण्यात पडल्यावर पसरणार नाही इतपत घट्ट. फार पातळ झाली तर टँकमध्ये दुधाळ ढग होतो आणि एप्टेशिया सोडून बाकी सगळ्यांना त्रास होतो. ५ एमएलची सिरिंज, तिला जाड बोथट सुई किंवा एअरलाइनच्या कडक नळीचा तुकडा. केमिस्टकडच्या बारीक सुईतून पेस्ट निघत नाही, अडकते, मग जोर लावला की एकदम सगळी बाहेर येते.

सगळे पंप बंद करा. रिटर्न, वेव्हमेकर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) सगळं. पाच मिनिटं थांबा, पाणी पूर्ण शांत होऊ द्या. मग सिरिंज हळूहळू वरून आणा, टेंटॅकलला धक्का न लावता. तोंडावर, म्हणजे थाळीच्या मध्यभागी, थोडीशी पेस्ट सोडा. तो आत ओढून घेतो, त्याच क्षणी फटीच्या तोंडावर आणखी पेस्ट लावून बूच बसवल्यासारखं झाकून टाका. सगळी गंमत या दोन टप्प्यांत आहे. नुसतंच फटीवर लावलं तर तो आतून दुसऱ्या बाजूने बाहेर येतो, आणि नुसतं तोंडावर लावलं तर अर्धा मरतो आणि अर्धा परत फुटतो. आधीच घाबरून आत गेला असेल तर त्या दिवशी त्याला सोडा, दुसऱ्या दिवशी बघा. काही लोक थोडंसं फ्रोझन खाणं समोर धरून त्याला उघडायला लावतात, ते चालतं.

अर्धा तास पंप बंद ठेवा. त्या वेळात मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधीच चालू करा, दमट गरम दिवसात टँकमध्ये ऑक्सिजन पटकन कमी होतो, चिलर नसेल तर आणखीच. पंप चालू करण्याआधी सैल राहिलेली पेस्ट आणि मेलेला गोळा बारीक नळीने सायफन करून काढून टाका.

एका वेळेस किती? १०० लिटरच्या टँकमध्ये चार-पाच, बस. चुन्यामुळे पीएच चढतो, आणि छोट्या टँकमध्ये एकदम चढला तर मासे आणि कोरल दोघांनाही झटका बसतो. सकाळी लाइट लागण्याआधी किंवा लागल्या लागल्या करा, तेव्हा पीएच दिवसातला सगळ्यात खाली असतो त्यामुळे थोडी जागा मिळते. पीएचची टेस्ट किट असेल तर आधी आणि नंतर बघा, ८.५ च्या वर गेला तर त्या आठवड्यात परत करू नका. आणि कोरलच्या अगदी खेटून असलेल्या एप्टेशियावर पेस्ट लावायची असेल तर फ्रॅग उचलता येतंय का ते आधी बघा, बाहेर एका ट्रेमध्ये टँकचंच पाणी घेऊन काम करा, धुऊन परत ठेवा.

तीन-चार दिवसांनी परत टॉर्च. मग पंधरा दिवसांनी परत. त्याच जागी पिल्लं दिसणारच, ती छोटी असतानाच मारा.

लिंबाचा रस, व्हिनेगर हे पण लोक सुईने देतात. चालतं, पण सुई त्याच्या अंगातच गेली पाहिजे, आणि तो सुई लागताच आत पळतो. पेस्ट जमत असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सीने फट बुजवायची कल्पना पण छान वाटते, फक्त दगड आतून सच्छिद्र असतो आणि तो दुसरीकडून डोकं काढतो. ऑनलाइन दिसणारे हाय पॉवरचे निळे लेझर मात्र घरात आणूच नका, काचेवरून परावर्तन होऊन डोळा कायमचा जाऊ शकतो.

पेपरमिंट श्रिम्प

आपल्याकडे सगळ्यात सहज मिळणारा आणि खिशाला परवडणारा प्राणी हाच. पण दोन अडचणी आहेत. एक, पेपरमिंट या नावाखाली एकापेक्षा जास्त जाती विकल्या जातात आणि सगळ्या एप्टेशिया खातातच असं नाही. दुसरी, कॅमल श्रिम्प त्याच्या नावावर खपवली जाते आणि ती कोरलच खाते. फरक बघून घ्या: पेपरमिंटचं अंग जवळजवळ पारदर्शक आणि त्यावर बारीक लाल उभ्या-लांब रेघा. कॅमलच्या लाल रंगात पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, पाठ कुबडासारखी, डोळे मोठे, आणि तोंडापुढची चोच वर-खाली हलते. पांढरं दिसलं की घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

साधारण ४० लिटरला एक या हिशोबाने घ्या, १०० लिटरला दोन-तीन. घरी आणल्यावर पिशवी तरंगवून लगेच सोडू नका, बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी पिशवीत सोडत तास-दीड तास द्या, श्रिम्पना सॅलिनिटीचा (खारेपणाचा) झटका माशांपेक्षा जास्त लागतो. टँकमध्ये कधी कॉपरचं औषध टाकलं असेल तर श्रिम्प आणूच नका. सिक्सलाइन रॅस किंवा एखादा मोठा रॅस, हॉकफिश, लायनफिश असे मासे असतील तर तुम्ही त्यांच्यासाठी महागडं जेवण आणताय.

सोडल्यावर त्या गायब होतात. दिवसा दगडाखाली बसतात आणि रात्री निघतात, त्यामुळे 'मेल्या बहुतेक' असं समजून लगेच आणखी आणू नका. काही दिवसांनी वाळूवर एक पारदर्शक, रिकामी श्रिम्प पडलेली दिसेल, ती टाकलेली कात असते. नवीन लोक ते बघून जाम घाबरतात.

पहिले दोन-तीन आठवडे खाणं कमी टाका. पोटभर मायसिस (माशांना घालतात ती बारीक फ्रोझन कोळंबी) मिळत असेल तर कोणती श्रिम्प डंख खाऊन एप्टेशिया खाईल? त्यांना एप्टेशिया खायची सवय लागते ती थोडी भूक असली की. मोठ्या एप्टेशियाला त्या बहुधा हात लावत नाहीत, पिल्लं साफ करतात. म्हणून वर म्हटलं की मोठ्यांना पेस्ट लावा आणि त्यातून सुटलेली बारीक प्रजा श्रिम्पवर सोडा. माझ्या मते १०० ते २०० लिटरच्या टँकसाठी हेच सगळ्यात व्यवहारी कॉम्बिनेशन आहे. एप्टेशिया संपल्यावर काही श्रिम्प कोरलला भरवलेलं खाणं तोंडातून ओढून नेतात, एखादी झोआला पण टोचते, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

बर्गिया

ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय, दोन-अडीच सेंटीमीटरची, पाठीवर करड्या-पांढऱ्या बोटांची झालर. एप्टेशिया सोडून दुसरं काहीही खात नाही. कोरल, माशांचं खाणं, शेवाळ, काहीही नाही. उलट एप्टेशियाच्या डंखाच्या पेशी न फोडता गिळते आणि स्वतःच्या पाठीवरच्या झालरीत साठवून स्वतःच्या बचावासाठी वापरते. फार हुशार प्राणी आहे.

अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही घरी वाढवलेली सहज मिळते, इकडे शोधावी लागते, एखाद्या हॉबीवाल्याकडे किंवा मोठ्या दुकानात सांगून ठेवावं लागतं. मिळाली तर एकदम सहा-आठ तरी घ्या, एक-दोनने काही होत नाही. लाइट आणि पंप बंद करून ड्रॉपरने थेट एप्टेशियाच्या जवळच्या दगडावर सोडा. वेव्हमेकरला जाळी किंवा फोम लावा, नाहीतर पहिल्याच रात्री ओढल्या जातात.

मग विसरून जा. खरंच. पहिला महिना काहीच दिसत नाही, एप्टेशिया आहेत तेवढेच दिसतात आणि बर्गिया एकही दिसत नाही. आत काय चालू असतं, तर त्या रात्री खातात आणि पांढऱ्या गोल वळ्यांसारख्या अंड्यांच्या माळा घालतात, पिल्लं येतात, ती पण खातात. दोन-तीन महिन्यांनंतर एकदम फरक दिसायला लागतो. या काळात पेस्ट लावत बसू नका, तुम्ही त्यांचंच अन्न संपवताय. आणि पेपरमिंट आणि बर्गिया एकत्र नकोत, श्रिम्प त्यांना खाऊ शकते, रॅस तर खातोच. म्हणजे टँकमध्ये आधीपासून सिक्सलाइन असेल तर बर्गियाचे पैसे वाया.

कॉपरबँड आणि फाइलफिश

कॉपरबँड बटरफ्लाय सुंदर मासा आहे, लांब चोच, नारिंगी पट्टे, आणि बरेच कॉपरबँड एप्टेशिया खातात. पण २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्याला ४५० लिटरच्या वर टँक लागतो, आणि पकडून आणलेला असल्यामुळे बऱ्याचदा दुकानातच खाणं सोडून देतो. दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर फ्रोझन मायसिस खाल्ल्याशिवाय घेऊ नका. घरी खात नसेल तर आपल्याकडे एक सोय आहे, मासळी बाजारातल्या तिसऱ्या. चोवीस तास फ्रीझ करा, मग शिंपला उघडून धुऊन दगडाला टेकवून ठेवा, चोचीने टोचून टोचून खातो. उरलेलं दोन तासांत काढा, नाहीतर पाणी वास मारायला लागतं. १०० लिटरच्या टँकमध्ये दोन एप्टेशियासाठी हा मासा आणणं मला पटत नाही, एप्टेशिया संपायच्या आधी मासाच जातो.

एप्टेशिया खाणारा फाइलफिश लहान टँकला जास्त जमतो, हाताच्या बोटाएवढा राहतो, रंग बदलत शेवाळात लपतो आणि खाणं पण लवकर घेतो. तोटा असा की काही काही फाइलफिश कोरलची पॉलिप पण टोचतात. फक्त मासे ठेवलेला टँक असेल तर बिनधास्त आणा. महागडी एलपीएस (मोठ्या पॉलिपची कठीण) कोरल असतील तर आधी विचार करा, कारण दगडांमधून एकदा आत गेलेला मासा परत पकडणं म्हणजे सगळा टँक उपसणं.

दगडच बाहेर काढायचा असेल तर

कधी कधी सगळा उपद्रव एकाच दगडावर असतो. मग तो दगड काढून टाकणं सगळ्यात सोपं. पण हे वाचल्याशिवाय हात लावू नका: लाइव्ह रॉक कधीही उकळू नका. गॅसवर नाही, किटलीतलं उकळतं पाणी ओतूनही नाही. दगडावर झोआ किंवा त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ असतील, अगदी तुम्हाला न दिसणारे उरलेसुरले असतील, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, ते वाफेबरोबर घरभर पसरतं आणि माणसं हॉस्पिटलमध्ये पोचतात. परदेशात अशी अख्खी कुटुंबं ॲडमिट झाल्याच्या घटना आहेत. कोरड्या ब्रशने घासणं पण नको. असं काही झालं आणि श्वासाचा त्रास, ताप, तोंडात कडू-धातूसारखी चव असं वाटलं तर घर सोडा, हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा, कारण तो त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येणार नाही.

झोआ असतील तर ते आधी पाण्याखालीच, ग्लोव्हज आणि चष्मा घालून, छोट्या तुकड्यासकट वेगळे करा. मग दगड बाहेर, गच्चीत, कडक उन्हात काही आठवडे. पावसाळ्यात हा उद्योग काढू नका, दगड आतून वाळतच नाही, नुसता कुजतो आणि खालचे शेजारी वर येतात. वाळल्यावर लगेच टँकमध्ये नाही. एका बादलीत मिठाचं पाणी, छोटा पंप, पाणी बदलत राहा आणि अमोनिया शून्य येईपर्यंत तिथेच ठेवा. त्यात जे काय मेलंय ते सडून अमोनिया देतं आणि तो टँकमध्ये गेला तर एप्टेशियापेक्षा मोठं संकट.

नवीन दगडासाठी काहींच्या डोक्यात मालवण, रत्नागिरी येतं. नको. सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे. सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम दगड घ्या, त्यांच्याबरोबर एप्टेशिया येत नाही हा आणखी एक फायदा.

मजानो

बर्गिया याला तोंड लावत नाही. पेपरमिंटचा भरवसा नाही. राहिली पेस्ट, आणि तीच इथे जास्त नीट चालते कारण मजानो एप्टेशियासारखा खोल फटीत पळत नाही, जागच्या जागी आकसतो. फक्त बूड घट्ट असतं आणि अंग जाड, त्यामुळे थोडी जास्त पेस्ट आणि दुसऱ्यांदा डोस लागतो. छोट्या दगडावर एक-दोनच असतील तर तो दगडाचा तुकडाच छिन्नीने उडवून टाकणं सगळ्यात स्वच्छ काम, टँकबाहेर अर्थातच, आणि वरचं झोआचं पुराण लक्षात ठेवून.

काही लोक मजानो ठेवून देतात, दिसतो छान. वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा हवं तर, कोरलच्या टँकमध्ये नाही.

पाणी आणि खाणं

खाणं जास्त पडतंय म्हणून एप्टेशिया येत नाही, तो दगडावरून किंवा फ्रॅगवरून येतो. पण आला की जास्तीच्या खाण्यावर झपाट्याने वाढतो. फ्रोझन खाणं वितळवून गाळणीतून धुऊन टाका, ते गुलाबी पाणी टँकमध्ये ओतू नका. कोरल फूड रोज द्यायची गरज नाही. स्किमर साफ ठेवा.

पण म्हणून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. शून्यावर एप्टेशिया मरत नाही, कोरल फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्म जीव) येतात, आणि ते एकदा आले की तुम्ही एप्टेशियाची आठवण काढून रडाल. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मधे, सॅलिनिटी १.०२५, तापमान २५-२६ डिग्री, एवढं स्थिर ठेवा, पुरे.

नवीन काही आणताना

क्रॉफर्ड मार्केटमधून आणा, मित्राकडून आणा, कुरिअरने मागवा, फ्रॅग दुकानातच हातात घेऊन उलटं करून बघा. एप्टेशिया प्लगच्या खालच्या बाजूला, देठापाशी लपलेला असतो. विक्रेत्याचा टँक पण नीट बघा, त्याच्या ओव्हरफ्लोमध्ये एप्टेशिया डुलत असतील तर तुमच्या पिशवीत एक येणार हे धरून चाला. याचा अर्थ तिथून घेऊच नका असा नाही, पण प्लग घरी आणू नका. कोरल प्लगवरून सोडवून नवीन प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवा, जुना प्लग कचऱ्यात.

कोरल डिप करा (म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात बुडवून काढा), जरूर करा, चपटे किडे आणि बाकी कीड त्याने जाते. एप्टेशिया मात्र डिपमधून बहुतेक वेळा सहीसलामत बाहेर येतो, त्यामुळे 'डिप केलंय ना' म्हणून निर्धास्त राहू नका. जागा असेल तर २०-३० लिटरचा एक छोटा टँक, हीटर, छोटा लाइट, एक पंप, आणि नवीन कोरल त्यात चार ते सहा आठवडे. तिथे एप्टेशिया डोकं काढतो आणि तिथेच त्याला पेस्ट लावता येते, मुख्य टँकला कळतही नाही.

गोगलगायी आणि हर्मिट खेकडे यांचे शंख पण बघा, त्यावर बसून येतात. आणि संपसाठी कुणी किटो (गुंतवळ्यासारखं शेवाळ) दिलं तर ते आधी टँकच्या पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बादलीत घालून बोटांनी पिंजून, झटकून घ्या, मग रात्रभर त्याच बादलीत राहू द्या आणि सकाळी टॉर्चने बादलीचा तळ आणि कडा बघा.